मोहरीची प्रादेशिक परंपरा : उत्तर कोकण आणि बर्गंडी

मोहरी : (सं. राजिका, सर्षप, आसुरी, हिं. राई, सरसों, गु. राई, कों. सासव). क्रुसिफेरी कुलातील काही वर्षायू वनस्पतींच्या बारीक, गोल व तिखट बियांना मोहरी म्हणतात. मसाल्याचा पदार्थ म्हणून तिचा वापर आशिया व यूरोप या दोन्ही खंडांत प्राचीन काळापासून होत आला आहे. तथापि काही थोड्याच प्रदेशांत तिला निव्वळ मसाल्यापलीकडचे स्थान लाभले. तेथील पाककला, लोकाचार, भाषा आणि प्रदेशाची स्वतःविषयीची कल्पना यांत ती मिसळून गेली. फ्रान्समधील बर्गंडी प्रांत व त्याची राजधानी दीझाँ हे याचे जगप्रसिद्ध उदाहरण होय. महाराष्ट्रात पनवेल, पेण, उरण या खाडीकाठच्या भागात व एकूण कोकणात मोहरीचे स्थान तितकेच खोल आहे. मात्र त्याची प्रसिद्धी झालेली नाही. या दोन परंपरा शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या असता एक समान गोष्ट आढळते. कोकणात मोहरी हे कधीच प्रमुख पीक नव्हते आणि बर्गंडीतही विसाव्या शतकात ते जवळजवळ नाहीसे झाले. तरीही दोन्हीकडे मोहरीचे पदार्थ त्या त्या प्रदेशाचेच मानले गेले. प्रदेशाची खूण बीमध्ये नसून, ते बी ज्या स्थानिक द्रव्यांशी मिसळले जाते त्या द्रव्यांत आणि मिसळण्याच्या कौशल्यात आहे, असे यावरून दिसते.

वनस्पती व तिखटपणाचे कारण : मसाल्यासाठी मोहरीच्या तीन जाती महत्त्वाच्या आहेत : तपकिरी मोहरी अथवा राई (ब्रॅसिका जुन्सिया), काळी मोहरी (ब्रॅसिका नायग्रा) आणि पांढरी वा पिवळी मोहरी (सिनॅपिस आल्बा). भारतात व आधुनिक फ्रान्समध्येही मुख्यतः तपकिरी मोहरी वापरली जाते. काळी मोहरी व सरसूची मूळ जाती यांच्या नैसर्गिक संकरातून ती निर्माण झाली, हे नागाहारू ऊ या शास्त्रज्ञाने १९३५ मध्ये गुणसूत्रांच्या अभ्यासावरून दाखवून दिले.

अखंड, कोरड्या मोहरीला वास जवळजवळ नसतो व ती चावेपर्यंत तिखटही लागत नाही. बीमध्ये सिनिग्रीन हे संयुग आणि मायरोसिनेज हे एंझाइम वेगवेगळ्या कोशिकांत असतात. बी फुटून त्याला पाणी मिळाले की, ती दोन्ही एकत्र येतात व अ‍ॅलिल आयसोथायोसायनेट हे नाकाला झोंबणारे बाष्पनशील तेल तयार होते. उष्णतेने हे एंझाइम निकामी होते. आम्लाने त्याची क्रिया मंदावते, परंतु तयार झालेला तिखटपणा अधिक काळ टिकून राहतो. मोहरीची जगातील बहुतेक पाककृत्ये या तीन नियमांवर आधारलेली आहेत. ज्या गृहिणींनी व कारागिरांनी ती शतकानुशतके सांभाळली त्यांना हे रसायन ठाऊक नव्हते. पण त्याचे परिणाम त्यांना अचूक माहीत होते.

प्राचीन उल्लेख : सिंधू संस्कृतीच्या चान्हूदारो या स्थळी मोहरीचे दाणे सापडले आहेत. संस्कृत वाङ्मयात मोहरी ही सूक्ष्मतेचे मान ठरली. मनुस्मृतीतील वजनांच्या कोष्टकात तीन लिक्षांचा एक राजसर्षप, तीन राजसर्षपांचा एक गौरसर्षप व सहा गौरसर्षपांचा एक यव असे मान दिले आहे. बौद्ध परंपरेतील किसा गोतमीच्या कथेत मृत पुत्राला जिवंत करू पाहणाऱ्या मातेला, ज्या घरात कधीही मृत्यू झाला नाही अशा घरातून मोहरी आणावयास सांगितले जाते. घराघरांत सहज मिळणारी ही वस्तू त्या एका अटीमुळे कोठेच मिळत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या बुद्ध अँड हिज धम्म (१९५७) या ग्रंथातही ही कथा आली असून, महाराष्ट्रातील बौद्ध समाजात ती परिचित आहे. ख्रिस्ती शुभवर्तमानातील मोहरीच्या दाण्याचा दृष्टांतही याच सूक्ष्मतेवर उभा आहे. मराठीतील ‘राईचा पर्वत करणे’ हा वाक्प्रचार त्याच जातीचा होय.

आयुर्वेदात मोहरी उष्ण, तीक्ष्ण व रक्षोघ्न म्हणजे बाधा निवारण करणारी मानली आहे. सुश्रुतसंहितेत जखमी रुग्णाच्या खोलीत मोहरी, कडुनिंबाची पाने, तूप आणि मीठ यांची धुरी दिवसातून दोनदा, दहा दिवस द्यावी असे सांगितले आहे. चरकसंहितेत बाळंतिणीच्या खोलीत मोहरी, अळशी व तांदळाच्या कण्या पसरण्याचा निर्देश आहे. पनवेल हे आयुर्वेदीय औषधनिर्मितीचे एक जुने केंद्र आहे. तेथे १८७२ मध्ये श्रीधूतपापेश्वर हा कारखाना स्थापन झाला. त्यामुळे आयुर्वेदाची ही परंपरा या गावाला परकी नाही.

पनवेल परिसर : बंदर, घाट व मिठागरे : गाढी नदीच्या काठी, खाडीलगत वसलेले पनवेल हे मुंबई व घाटमाथा यांमधील जुने बंदर होय. मुंबईहून पडावाने पनवेलला उतरावयाचे व तेथून खोपोलीमार्गे बोरघाट चढावयाचा, हा पुण्याकडे जाण्याचा नेहमीचा मार्ग होता. बोरघाटातील गाडीरस्ता १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दीत खुला झाल्यावर घाटावरील माल बैलगाड्यांनी पनवेलच्या धक्क्यावर येऊ लागला. १८६३ मध्ये लोहमार्ग बोरघाट उतरून गेला व बंदराचे हे महत्त्व ओसरले. तथापि घाटमाथा व किनारा यांमधील बाजारपेठ म्हणून पनवेल टिकून राहिले.

मोहरी हे थंड, कोरड्या हवेत येणारे रब्बी पीक आहे. भारतातील तिचे मुख्य क्षेत्र उत्तरेत असून राजस्थान हे सर्वांत मोठे उत्पादक राज्य आहे. महाराष्ट्रात ती गव्हासारख्या पिकात मिसळून किंवा बांधाच्या कडेने थोडीफार पेरली जाते. महाराष्ट्राची पारंपरिक खाद्यतेले करडई, भुईमूग, तीळ, जवस व कोकणात खोबरे यांची. मोहरीच्या तेलात रांधण्याची बंगाल-बिहारकडील रीत येथे रुजली नाही. भातशेतीच्या कोकणात तर परसातील भाजीपलीकडे मोहरी क्वचितच दिसे. म्हणजे पनवेलच्या स्वयंपाकघरातील मोहरी ही बाजारातून, बहुधा घाट उतरून वा समुद्रमार्गे आलेली वस्तू होती.

याउलट मीठ हे येथील स्वतःचे उत्पादन होते. पनवेल, उरण व पेण येथील खाड्यांच्या कडेला शेकडो वर्षे मिठागरे होती. पावसाळा संपला की बांध दुरुस्त करून उधाणाचे पाणी आत घेत. एका उथळ वाफ्यातून दुसऱ्यात असे ते फिरवीत व उन्हाने आटवीत. हिवाळ्याच्या उत्तरार्धापासून पहिल्या पावसापर्यंत मीठ ओढून त्याच्या राशी घालीत. या भागातील आगरी समाजाचे नाव ‘आगर’ या शब्दावरूनच पडले असे मानतात. ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्यात १८३७ पासून मिठाच्या उत्पादनावर कर बसला. मणामागे आठ आण्यांपासून सुरू झालेला हा कर १८८८ मध्ये अडीच रुपयांवर गेला होता. १९३० च्या सत्याग्रहाने हा प्रश्न देशव्यापी केला आणि १९४७ मध्ये कर रद्द झाला. लोणच्यासारखा पदार्थ म्हणजे मूलतः मीठच; चार वाट्या फोडींना साधारण एक वाटी मीठ हे घरगुती प्रमाण. मिठावरील कर हा एका अर्थी गरिबांच्या कोरड्यासावरील कर होता. [⟶ मीठ].

फाल्गुन-चैत्रात मळणी झालेली नवी मोहरी बाजारात येते, चैत्र-वैशाखात रायवळ आंब्यांना कैऱ्या धरतात आणि त्याच वेळी मिठागरावरील हंगाम भरात असतो. परप्रांतीची मोहरी आणि गावचे मीठ व कैरी ही एकाच ऋतूत एकत्र येतात. कोकणातील वर्षाच्या बेगमीचे वेळापत्रक या योगावर बसलेले आहे. पावसाळ्याचे चार महिने भाजीपाला दुर्मिळ व मासेमारी बंद. त्या काळात भात वा भाकरीबरोबर तोंडी लावण्यास लोणचे हाच मोठा आधार असे.

पाकपद्धती : मराठी स्वयंपाकात मोहरीचे दोन परस्परविरोधी उपयोग आहेत. पहिला फोडणीचा. तापलेल्या तेलात अखंड मोहरी टाकली की, दाण्यातील ओलाव्याची वाफ होऊन ती तडतडते व फुटते. उष्णतेमुळे तिखटपणा निर्माण होत नाही. खमंग, किंचित कडसर वास तेवढा तेलात उतरतो. हिंग, हळद व कढीलिंब त्यामागून येतात. मोहरी तडतडण्यापूर्वी पुढचे जिन्नस घालू नयेत हा स्वयंपाकाचा पहिला धडा होय. आमटी, भाजी, कोशिंबीर, पोहे यांपैकी काहीही असो, मोहरीच्या आवाजावाचून त्याची सुरुवात वा शेवट होत नाही.

दुसरा उपयोग फेसलेल्या मोहरीचा. यात मोहरी अथवा तिची डाळ पाट्यावर थोडे थोडे पाणी घालून वाटतात व ती हलकी होऊन फेस येईपर्यंत घोटतात. झणका नाकात गेला म्हणजे मोहरी ‘चढली’ असे म्हणतात. येथे उष्णता पूर्णपणे वर्ज्य असते. फेसलेली मोहरी घालून केलेली बिनतेलाची लोणची, खारातल्या मिरच्या, काकडीची वा भोपळ्याची कोशिंबीर हे कोकणातील नेहमीचे पदार्थ होत. पिकलेल्या रायवळ आंब्यांना गूळ, ओले खोबरे व फेसलेली मोहरी लावून केलेले आंब्याचे रायते हा त्यांतील मानाचा प्रकार. ‘रायते’ या शब्दाचे मूळ राईतच आहे. मोहरी गेली तरी नाव राहिले आणि दह्यातील साध्या कोशिंबिरीलाही ते लागू झाले. दक्षिण कोकण व गोवा येथे याच पदार्थाचे ‘सासव’ हे नाव तर मोहरीचेच नाव आहे. आंबा, अननस यांची सासवे सारस्वतांच्या मेजवानीत आवर्जून असतात. भारतात इतरत्र वाटलेल्या मोहरीची अशी परंपरा बंगालमध्ये ‘कासुंदी’च्या रूपाने आढळते.

तेलातील लोणच्यात मोहरीची डाळ वा पूड घालतात, पण तीवर फोडणी ओतावयाची ती पूर्ण निवल्यावरच. गरम फोडणीने मोहरी ‘मरते’ असा घरगुती समज आहे व तो शास्त्रीय दृष्ट्याही बरोबर आहे. कैरीला सुटणारे पाणी मोहरीचा तिखटपणा जागा करते, कैरीचे आम्ल तो टिकविते आणि मोहरीतील बाष्पनशील तेल बुरशीला प्रतिबंध करते. मीठ, आम्ल व मोहरी या तिघांच्या बळावर चिनीमातीच्या बरणीत, तोंडाला दादरा बांधून ठेवलेले लोणचे वर्षभर टिकते. हे काम पूर्णपणे स्त्रियांचे होते. त्याभोवती सोवळ्याचे कडक नियम होते व ऋतुमती स्त्रीने बरणीला हात लावू नये असा निर्बंध असे. स्वच्छता व कोरडेपणा यांची जी खरी गरज होती, तिला या रूढीने विटाळाच्या कल्पनेत गुंडाळून ठेवले. ज्या हातांचे कौशल्य घराला वर्षभर पुरे, त्याच हातांवर महिन्यातील काही दिवस अविश्वास दाखविला जाई. [⟶ लोणची].

लोकाचार : मीठ व मोहरी ही जोडी स्वयंपाकघराबाहेरही एकत्रच येते. लहान मूल किरकिरू लागले, नवरा-नवरी घरी आली किंवा कोणी दूरच्या प्रवासाहून परतले, म्हणजे मीठ-मोहरी उतरून टाकण्याची चाल महाराष्ट्रात सर्वत्र आहे. मुठीत मीठ, मोहरी व सुक्या मिरच्या घेऊन त्या व्यक्तीभोवती ओवाळतात व चुलीत टाकतात. मिरच्यांचा ठसका लागला नाही तर दृष्ट लागली होती असे समजतात. सुश्रुताच्या धुरीतील मोहरी व मीठ आणि दृष्ट काढण्यातील मोहरी व मीठ यांचे साम्य लक्षणीय आहे. वैद्यकातील रक्षाविधी व लोकाचार यांनी परस्परांकडून उसनवारी केली असणे संभवनीय आहे. वास्तुशांती व श्राद्ध यांसारख्या विधींत दिशांचे रक्षण करण्यासाठी पिवळी मोहरी टाकतात, तिच्यामागेही हीच कल्पना आहे.

बर्गंडीची परंपरा : वाटलेल्या मोहरीची यूरोपीय परंपरा रोमनांपासून सुरू होते. इ. स. पहिल्या शतकात कॉल्युमेला या कृषिलेखकाने मोहरी भिजवून, वाटून, व्हिनेगर घालून ती तयार करण्याची कृती लिहून ठेवली आहे. मोहरीत द्राक्षाचा ताजा रस मिसळण्याची चाल होती. या रसाला लॅटिनमध्ये ‘मुस्तुम’ म्हणत. त्यावरून फ्रेंच ‘मूतार्द’ व इंग्रजी ‘मस्टर्ड’ हे शब्द आले. म्हणजे यूरोपातील तिचे प्रचलित नाव बीचे नसून ज्या द्रवात ते बी कालवले जाई त्या द्रवाचे आहे.

बर्गंडी हा द्राक्षमळ्यांचा प्रदेश असल्याने आंबट द्राक्षरस व व्हिनेगर तेथे विपुल होते. तेथील जंगलांत कोळसा पाडणारे लोक मोकळ्या केलेल्या, राख मिसळलेल्या जमिनीत मोहरी पेरीत. चौदाव्या शतकात बर्गंडीच्या ड्यूकांच्या दरबारामुळे दीझाँच्या मोहरीला मान मिळाला. १३९० च्या एका नियमाने ती चांगल्या बियांची व चांगल्या व्हिनेगरमध्येच केलेली असावी असे ठरविले. १६३४ मध्ये तेथील व्हिनेगर व मोहरी करणाऱ्या कारागिरांच्या संघाला स्वतंत्र नियमावली मिळाली. अठराव्या शतकाच्या मध्यास झाँ नेझाँ या दीझाँच्या कारागिराने व्हिनेगरऐवजी कच्च्या द्राक्षांचा आंबट रस वापरण्यास सुरुवात केली. त्यामुळे मोहरी सौम्य आम्लाची पण तिखट राहिली आणि दीझाँची विशिष्ट चव निश्चित झाली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मॉरिस ग्रे याने वाटण्या-चाळण्याच्या कामासाठी यंत्र बनविले. १८६६ मध्ये त्याची ओग्यूस्त पूपाँ याच्याशी भागीदारी झाली. हातजात्यावरील धंदा यानंतर कारखान्यात गेला.

फ्रान्सच्या इतर भागांनीही आपापली मोहरी घडविली. पॅरिसजवळील मो या गावची मोहरी भरड, अर्धवट फुटलेल्या दाण्यांची असते. नैर्ऋत्येकडील ब्रीव्ह येथे काळ्या द्राक्षांच्या रसातील जांभळी मोहरी होते. जर्मन सीमेवरील अल्सेसमध्ये सौम्य, पांढऱ्या मोहरीची आवड आहे. बर्गंडीत सशाचे वा कोंबडीचे मांस मोहरी लावून शिजवितात. भाषेतही मोहरी मुरली आहे. राग येणे याला फ्रेंचमध्ये ‘मोहरी नाकात चढणे’ म्हणतात. उशिरा, निरुपयोगी वेळी आलेल्या गोष्टीला ‘जेवणानंतरची मोहरी’ म्हणतात. स्वतःला फार मोठा समजणाऱ्यास ‘पोपचा पहिला मोहरीवाला’ म्हणतात, आव्हीन्यों येथील पोप बाविसावा जॉन (कार. १३१६–३४) याने आपल्या एका नातलगासाठी हे पद निर्माण केले अशी आख्यायिका आहे.

घरातून बाजारात : कोकणात मोहरीच्या कामाला संघ वा नियमावली कधी नव्हती. ज्ञान आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे तोंडी जात असे. ते छापील रूपात येण्यास एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आरंभ झाला. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे सूपशास्त्र (१८७५), लक्ष्मीबाई धुरंधर यांचे गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया (१९१०) आणि कमलाबाई ओगले यांचे रुचिरा (१९७०) हे या प्रवासातील महत्त्वाचे टप्पे होत. मुंबईत नोकरीनिमित्त एकट्याने राहणाऱ्या कोकणी व इतर मराठी लोकांची संख्या वाढली, तसे घरगुती चवीचे मसाले व लोणची विकत मिळण्याची गरज निर्माण झाली. १९१० मध्ये गिरगावात सुरू झालेले बेडेकरांचे दुकान हे या व्यवसायाचे एक आरंभीचे उदाहरण आहे. पुढे बाटलीबंद लोणच्यांचा उद्योग राज्यभर पसरला. गृहोद्योग व महिला मंडळे यांच्या द्वारा काही प्रमाणात हे काम स्त्रियांच्याच हाती, पण आता वेतन वा नफा मिळवून देणारे असे राहिले. मात्र बाटलीबंद मालात तेलातील लोणचेच प्रामुख्याने आले. फेसलेल्या मोहरीचा झणका काही दिवसांत उतरत असल्याने ती दुकानात फारशी गेली नाही. ती घरातच राहिली व घरातील पाटा-वरवंटा गेल्यावर मागे पडू लागली.

बाजारावर अवलंबून राहण्याचा दुसरा परिणाम भेसळीचा. पिवळ्या धोत्र्याचे बी दिसण्यास मोहरीसारखे असते व ते विषारी असते. १९९८ मध्ये दिल्लीत अशी भेसळ असलेल्या मोहरीच्या तेलामुळे जलशोफाची साथ आली व साठांहून अधिक माणसे दगावली. दीझाँच्या चौदाव्या शतकातील नियमाचा हेतू ग्राहकाला शुद्ध माल मिळावा हाच होता. भारतात हे काम अन्नभेसळीच्या कायद्यांकडे आले.

नाव व भूमी : विसाव्या शतकात दोन्ही परंपरांपुढे एकच प्रश्न उभा राहिला : ज्या प्रदेशाचे नाव पदार्थाला आहे, त्या प्रदेशाचे त्यात काय उरले? फ्रान्समध्ये १९३७ च्या एका शासकीय आदेशाने ‘दीझाँ मोहरी’ची व्याख्या ठरविली, पण ती पद्धतीची व्याख्या होती, स्थळाची नव्हे. त्यामुळे ही मोहरी कोठेही बनविण्यास मोकळीक राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर बर्गंडीतील शेतकरी अन्य तेलबियांकडे वळले आणि कारखान्यांना लागणारे बहुतेक बी कॅनडातून येऊ लागले. खुद्द दीझाँ शहरातील मोठा कारखाना २००९ मध्ये बंद झाला. त्याच वर्षी ‘बर्गंडी मोहरी’ या नावाला यूरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण मिळाले. तिच्यात बी बर्गंडीतील व पांढरी वाइनही बर्गंडीतीलच असावी लागते. या नावासाठी शेतकरी, बीजसंशोधक व बोन येथील फालो यांच्यासारखे जुने उत्पादक एकत्र आले होते. २०२१ मध्ये कॅनडात अवर्षणाने पीक बुडाले आणि २०२२ मध्ये फ्रान्समधील दुकानांतून मोहरी दिसेनाशी झाली, तेव्हा स्थानिक लागवडीचे महत्त्व साऱ्या देशाला पटले व तिचे क्षेत्र वाढविण्यात आले.

पनवेल परिसरात प्रश्नाचे स्वरूप उलटे आहे. येथे मोहरी पूर्वीही बाहेरचीच होती. नाहीसे होत आहे ते तिला भेटणारे स्थानिक द्रव्य. १९७० मध्ये सिडको स्थापन होऊन नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. त्यांत भातशेतीबरोबर मिठागरेही होती. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथील बंदर सुरू झाले, २०१६ मध्ये पनवेल ही महानगरपालिका झाली आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्‌घाटन झाले. या विकासाने रोजगार व दळणवळण आणले. खाजणे, मिठागरे व रायवळ आंब्यांची झाडे मात्र झपाट्याने कमी झाली. शिवाय गलगंडाच्या प्रतिबंधासाठी आयोडीनविरहित मीठ थेट आहारासाठी विकण्यास २००६ पासून मनाई असल्याने आगरावरचे खडे मीठ खाण्याच्या बाजारातून बाहेर पडले. हा निर्णय आरोग्याच्या दृष्टीने योग्यच होता; पण त्यामुळे आगर व घरातील बरणी यांमधील जुना दुवा तुटला.

भारतात भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ मध्ये संमत होऊन २००३ पासून अमलात आला. कोकणच्या हापूस आंब्याला व अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला त्याखाली नोंदणी मिळाली आहे. ही मानांकने पिकांची आहेत, पिकाला भूमी असते व तिची सीमा नकाशावर दाखविता येते. आंब्याचे रायते किंवा फेसलेल्या मोहरीचे लोणचे यांची सीमा अशी दाखविता येत नाही. ती स्वयंपाकघरातील हातांत असते व त्या हातांची नोंद कोणत्याही संघाच्या दप्तरात नाही. बर्गंडीच्या अनुभवावरून दोन गोष्टी दिसतात. केवळ पद्धतीला नाव दिले तर ते नाव प्रदेश सोडून जाते. आणि भूमी, द्रव्य व पद्धती यांची सांगड पुन्हा घातली तर गेलेले पीकही परत येते. ज्या पाककृतींत बी परप्रांताचे पण मीठ, कैरी, खोबरे व कौशल्य गावचे, त्यांच्या बाबतीत जपावयाचे आहे ते या दुसऱ्या अर्ध्या भागाचेच. रायवळ आंब्याची झाडे, उरलीसुरली मिठागरे आणि मोहरी केव्हा चढली हे वासावरून ओळखणाऱ्या वृद्ध स्त्रियांचे ज्ञान, यांची पद्धतशीर नोंद होणे हे त्या दिशेने पहिले पाऊल ठरेल.